पोकळ पात

"मुळाला हात लावायचा न्हाय, वैनी. वरनं कापायची, दोन बोटं ठेवून. दोन बोटं राखली की ती परत येती. आन् तिसऱ्या वर्षी गड्डा फोडायचा, अर्धा दुसरीकडं लावायचा. न्हाय फोडला तर वरनं हिरवीगार दिसती आन् आतनं मरती."

दवाखान्यातल्या शेवंताबाईंचं तीन वर्षांपूर्वीचं हे बोलणं श्यामलाला आठवलं ते तुळशीला पाणी घालताना, आणि त्याच वेळी देवघरातून सासूबाईंचा, माईंचा आवाज आला, "कांदा! अहो, देवापुढं कांदा!" तांब्यातली धार वृंदावनाबाहेर गेली. श्यामलानं ती सावरली नाही. आत जायला हवं होतं आणि तोंड तर उघडायचंच नव्हतं, कारण तिचं मौन होतं. चातुर्मासात दर वर्षी ती एक नेम धरायची. एका वर्षी लाख वाती, एका वर्षी पानात मीठ नाही, गेल्या वर्षी अंबाबाईला रोज अकरा प्रदक्षिणा. यंदा उजाडल्यापासून सासऱ्यांची, अप्पांची, पूजा होऊन घंटा वाजेपर्यंत शब्द बोलायचा नाही. सोपा नेम, असं तिला वाटलं होतं. ती तशीही फारशी बोलायची नाही.

उंबऱ्याशी जाऊन ती उभी राहिली. पाटावर सोवळं नेसलेले अप्पा, हात मांडीवर, मान किंचित वर, मोतीबिंदू झालेले लोक आवाजाच्या दिशेनं धरतात तशी. ताम्हनातल्या गणपतीच्या डोक्यावर एकवीस पातींची जुडी, पांढऱ्या दोऱ्यानं नीट गाठ मारलेली. नेहमीच्या दूर्वांपेक्षा जाड, गर्द हिरवी. कापलेल्या टोकांशी पाण्याचे बारीक थेंब जमले होते आणि त्या थेंबांचा वास उदबत्तीला बाजूला सारून सगळ्या देवघरात उभा होता. माईंनी पदराचं टोक नाकाला लावलं होतं. कांदेनवमीला घरातला शेवटचा कांदा भज्यांत संपवून, टोपली धुऊन पालथी घातल्याला आज दहा दिवस झाले होते. आणि आज संकष्टी.

"मागच्या महिन्यात शाळिग्राम म्हणून सुपारीला न्हाऊ घातलंत. मी बोलले नाही. परवा हळदीच्या जागी बुक्क्याची पुडी सोडलीत. मी बोलले नाही. आज कांदा वाहिलात! उद्या लसूण वाहाल, परवा नैवेद्याला बोंबील ठेवाल. नाकानं तरी कळू नये?"

"नाक गेलंय माझं," अप्पा म्हणाले. "तपकिरीनं गेलं ते. तुला ठाऊक आहे."

"डोळे गेले, नाक गेलं. आता देवाचं तरी सोडा की!"

 एवढंच बोलायचं होतं अप्पांनी, की सूनबाई म्हणाली होती या दूर्वा आहेत. एक वाक्य. श्यामला त्या वाक्याची वाट बघत उभी राहिली, शाळेत छडी खायला हात पुढं करून उभं राहावं तशी. ते आलं नाही. अप्पांनी तिच्या दिशेनं मानही वळवली नाही. माईंनी जुडी डाव्या हाताच्या चिमटीत धरून परसात भिरकावली, देव पुन्हा ताम्हनात घेतले आणि पंचगव्यासाठी वाटी मागितली. श्यामलानं ती आणून दिली. नृसिंह, तिचा नवरा, आरशापुढं भांग पाडत होता. त्याला माईंनी तिथूनच सांगितलं, "आजपासून पूजा तू करायचीस. रात्री चंद्रोदयाचीसुद्धा." "करीन की," तो म्हणाला, "पाच मिनिटांत उरकतो." उरकतो म्हटल्यावर अप्पांच्या मांडीवरचा हात जरासा हलला. मग ते उठले, भिंत चाचपत बाहेरच्या सोप्यात गेले आणि सोवळं न सोडताच बाकावर बसून राहिले. अर्धी पूजा तशीच पडली. घंटा वाजली नाही.

घंटा वाजली नाही. नृसिंह छत्री घेऊन ऑफिसला गेला, माई वाती वळायला बसल्या, आणि श्यामला भांडी विसळता विसळता त्या एका गोष्टीला धरून राहिली. घंटा वाजली नाही म्हणजे मौन सुटलेलं नाही. म्हणजे तिला बोलता येत नाही. येत असतं तर ती बोलली असती. असतीच. हा विचार तिनं एकदा केला तेव्हा तो खरा वाटला, दुसऱ्यांदा केला तेव्हा हातातली वाटी निसटली. माईंनी वर पाहिलं. "बोलू नकोस, राहू दे," त्या जरा मऊ आवाजात म्हणाल्या. "या घरात तुझा नेम तेवढा धड चाललाय." त्या मऊपणानं ती भांड्यांवर आणखी वाकली. कारण सकाळी तिनं पाहिलं होतं. फुलं-दूर्वांची पुडी देणारी बाई आली नव्हती, तीन दिवस पावसानं झोडपलं होतं, आणि अप्पा कात्री घेऊन परसात निघाले होते, एका हातानं भिंत धरून, स्वतःशी पुटपुटत, "आपल्या घरच्या आहेतच की." ती विहिरीच्या कठड्यापाशी उभी होती. हात हलवून त्यांना थांबवता येण्यासारखं नव्हतं, त्यांना हात दिसला नसता. आवाजच द्यायला हवा होता. एक शब्द. अप्पा, नको. तिच्या तोंडाशी तो आला आणि तिनं दात मिटले. मौन मोडेल, असं तिला खरंच वाटलं, की मौन मोडेल असं म्हणता येईल असं वाटलं? नळीसारखी पात कात्रीत कचकन तुटायची तो आवाज तिनं ऐकला. एकवीस वेळा. तिनं मोजले होते.

तीन वर्षांपूर्वी, असाच पाऊस, असाच चातुर्मास, आणि दवाखान्यातली खिडकीशेजारची खाट. विषमज्वराचे एकवीस दिवस. ताप उतरला होता पण पोट काही धरत नव्हतं. घरून माई दूधभात पाठवायच्या, डब्याचं झाकण काढलं की तिला उमळून यायचं. अंगात इतकं कमी उरलं होतं की भिंतीवरची पाल आपल्यापेक्षा वजनदार आहे असं वाटायचं. सिस्टर शेवंताबाई रात्रपाळी संपवून जायच्या आधी यायच्या. काळ्या, उंच, चालताना चपलांचा आवाज न करणाऱ्या, आणि बोलताना सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा. "आवं, देवानं बोलवलंय का तुम्हाला? न्हाय न्हवं? मग खावा की!" तिनं मान फिरवली. दुसऱ्या दिवशी पहाटे शेवंताबाईंनी ॲल्युमिनियमच्या वाटीत तांदळाची पेज आणली, खिशातून कात्री काढली आणि मुठीतली हिरवी पात पेजेवर कातरली. "कात्री उकळलेली हाय, भिऊ नका." वास आला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा एखाद्या वासानं तिच्या तोंडाला पाणी सुटलं. तिनं वाटी संपवली, आणि मग विचारलं, "कांदा आहे का हा?"

"कांद्याच्या कुळातली हाय, पर कांदा न्हवं. मिरजेला शिकताना आमच्या गोऱ्या डॉक्टरीणबाईंनी दिलती. त्या चाइव्ह म्हणायच्या. आम्ही बारीक पात म्हणतो. तिला फूल येतंय म्हणं, जांभळं, पर थंडी लागती त्याला. हितं न्हाय येत." मग डोळे बारीक करून, "चातुर्मास हाय व्हय तुमचा? सासूबाईंना सांगू नका. न्हायतर मलाच गोमूत्रात बुडवून काढतील."

श्यामला हसली होती. हसताना बरगड्या दुखल्या होत्या. हे सगळं क्षमा करण्यासारखं होतं, आजारी माणसाला शास्त्रातही सूट आहे, हे तिनं नंतर कितीदा स्वतःला सांगितलं. पण दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं ती मागितली. कळून सवरून. कांद्याच्या कुळातली, चातुर्मासात, आणि ज्या हातांचं पाणी माईंनी कधी घरात घेतलं नसतं त्या हातांची. शेवंताबाई पाळी संपवून निघाल्या होत्या, तिनं खाटेवरून हाक मारली, "सिस्टर, ती पात घालून द्याल का?" पुढचे नऊ दिवस तिनं मागून खाल्ली. त्या नऊ दिवसांत तिला एकदाही देवाची भीती वाटली नाही, आणि ही गोष्ट तिला पुढं सगळ्यांत भिववत राहिली. घरी आल्यापासून ती नेम करीत आली होती, एकावर एक, जड दगड रचावेत तसे.

दवाखान्यातून निघायच्या दिवशी शेवंताबाईंनी वर्तमानपत्रात गुंडाळलेला गड्डा तिच्या मांडीवर ठेवला. वॉर्डामागच्या नळापाशी तो वाढत होता, आणि तिथं आता फरशी बसणार होती. "क्वार्टरात माझ्याकडं ऊन बी येत न्हाय. कसबा बावड्याला दोन खोल्या बांधायचं चाललंय, बांधून झालं की अर्धा गड्डा मला आणून द्यायचा. तिसऱ्या पावसाळ्यात. तुम्ही सोता यायचं, कुणाच्या हाती पाठवायचं न्हाय."

"येईन."

"आन् आल्यावर पाणी प्यायचं. जेवा म्हणत न्हाय, तुमचे उपास मोडायला मी कशाला बसलीया? पाणी."

"पिईन."

"बघा हं. दवाखान्यात समद्याच बायका व्हय म्हणत्यात."

तिनं तो गड्डा डालड्याच्या डब्याला भोकं पाडून लावला, विहिरीमागं, कुणाच्या येण्याजाण्यात येणार नाही असा. आठवड्याभरात अप्पांनी पाय लागून डबा हुडकला. तेव्हा एका डोळ्यानं त्यांना अजून आकार दिसत होते. वाकून, पातीवरून हात फिरवून त्यांनी विचारलं, "हे काय लावलंस गं?" आणि ती म्हणाली, "दूर्वा आहेत, अप्पा. चंदगडकडच्या. जाड असतात. देवाला कोवळ्या लागतात, या राहू देत शोभेला." इतकं सहज आलं ते तोंडून, की कुणीतरी आत बसून पाठ करून ठेवलं होतं. चंदगड तिनं का म्हटलं कोण जाणे. तिथं फार पाऊस पडतो, एवढंच तिला ठाऊक होतं. मग अप्पांची नजर जात गेली. आधी वर्तमानपत्र सुटलं, मग बुद्धिबळाचा पट सुटला, मग कोपऱ्यावरच्या वाचनालयापर्यंतचा रस्ता. चाळीस वर्षं संस्कृत शिकवलेल्या माणसाला हातांनी करता येण्यासारख्या दोनच गोष्टी उरल्या. सकाळची पूजा, आणि संध्याकाळी विहिरीमागच्या डब्याला पाणी. "तुझ्या दूर्वा वाढल्या हो," ते सांगायचे. कापायच्या कशा हेही तिनंच सांगितलं होतं, शेवंताबाईंचे शब्द, त्यांचं नाव काढून टाकून.

आणि गेल्या दिवाळीतली मंडई. लक्ष्मीपुरीत माईंबरोबर ती आवळे निवडत होती. मागून तो वॉर्डभर ऐकू जाणारा आवाज, "काय वैनी! पात कशी हाय?" शेवंताबाई, हिरवं लुगडं, हातात पिशवी, चेहऱ्यावर पूर्ण ओळख. श्यामलाची नजर त्यांच्यावरून घसरून आवळ्यांवर गेली. तिनं एक आवळा उचलला, डाग बघितला, ठेवला. दुसरा उचलला. पाठीमागं तो आवाज थोडा वेळ थांबला आणि मग गर्दीतून निघून गेला, चपलांचा आवाज न करता. "कोण गं ती?" माईंनी विचारलं. "कुणी भाजीवाली असेल," ती म्हणाली. त्या रात्री तिनं पानात काही घेतलं नाही. उपास आहे म्हणाली. तिच्या उपासाला घरात कुणी कारण विचारत नसे.

दुपारी पाऊस उघडला. माई जरा आडव्या झाल्या होत्या. श्यामला परसात गेली. भिरकावलेली जुडी कर्दळीखाली पडली होती, दोरा तसाच. तिनं डब्याशी बसून पाहिलं. अप्पांनी एकही पात मुळातून उपटली नव्हती. सगळ्या दोन बोटं ठेवून, नजर नसलेल्या माणसानं, बोट आडवं लावून लावून कापलेल्या. कापलेल्या बाजूला पहिल्यांदाच गड्ड्याचा मध्य उघडा पडला होता, आणि मध्यभागी, कडेच्या हिरव्या झिंज्यांनी झाकून ठेवलेला, एक वाळका, पिवळा, भुसा झालेला गोल होता. तिनं बोट घातलं. बोट सरळ आत गेलं. वरनं हिरवीगार दिसती आन्. हा तिसरा पावसाळा होता. सगळ्या कोल्हापुरात ही पात या एका डब्यात होती, आणि ती मधून मेली होती.

सोप्यातून अप्पांची काठी वाजत आली. ते विहिरीच्या कठड्याशी थांबले. सोवळं अजून अंगावरच होतं, उपाशी माणसाचा चेहरा वाळला होता. "कोण, श्यामला का?" त्यांनी विचारलं, आणि लगेच, "हां हां, तुझं मौन आहे. मी विसरलो. बोलू नकोस." ते कठड्यावर बसले. त्यांचे हात मांडीवर काही न करता पडले होते. चाळीस वर्षं या वेळेला त्या हातांना चंदनाचा वास असायचा. रात्री चंद्र उगवेल, नृसिंह पाच मिनिटांत उरकेल, आणि हे हात उद्या असेच असतील, परवाही असतील, आणि तिला फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसणं तिला येत होतं. त्यासाठी तिच्यापाशी देवाचं निमित्तही होतं.

"अप्पा," ती म्हणाली.

स्वतःचा आवाज तिला परका वाटला, जाड. अप्पांनी हात वर केला. "अगं, घंटा..."

"अप्पा, त्या दूर्वा नव्हत्या. मी तुम्हाला खोटं सांगितलं."

त्यांनी वर केलेला हात खाली घेतला. मग सावकाश म्हणाले, "दूर्वा पोकळ नसते, श्यामला. नाक गेलं, बोटं नाही गेली माझी. चार पाती कापल्या तेव्हाच कळलं, नळी लागतेय हाताला."

"मग वाहिल्यात का?"

"तू दूर्वा म्हणाली होतीस." त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. "म्हटलं, आपली बोटं चुकत असतील. एवढे नेम करणारी बाई, ती कशाला खोटं सांगेल?"

त्यांच्या बोलण्यात टोचणी नव्हती. असती तर तिला बरं वाटलं असतं. ती तशीच उठली, मातीचे हात तसेच, आणि आत गेली. माई उठून पुन्हा वाती वळत होत्या.

"माई, मला बोलायचंय."

माईंचा हात थांबला. "घंटा वाजली नाही."

"नाही वाजली."

"मग?"

"मोडलं." आणि मग ती थांबली नाही. थांबली असती तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. "अप्पांचे डोळे चुकले नाहीत. त्या दूर्वा आहेत असं मी त्यांना सांगितलं होतं. ती पात मी दवाखान्यातून आणली. तिथं मी खाल्ली ती. चातुर्मासात. पहिल्या दिवशी न कळून, मग नऊ दिवस मागून. आज सकाळी ते कापायला गेले ते मी पाहिलं होतं. हाक मारली नाही."

"कुणाच्या हातची खाल्लीस?"

"शेवंताबाईंच्या. सिस्टर होत्या. मंडईत ज्यांना मी भाजीवाली म्हटलं, त्या. बौद्ध आहेत."

माई तिच्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या मांडीवर वातींचा ढीग होता, सगळ्या सारख्या लांबीच्या. "तीन वर्षं," त्या म्हणाल्या, "तीन वर्षं तू माझ्या देवाची फुलं खुडतेस. नैवेद्य रांधतेस. आणि मी शेजारणीला तुझे नेम सांगत फिरले." त्यांनी एक वात उचलली, बोटांत फिरवली, तिचा पीळ उलगडला आणि कापूस परत ढिगात टाकला. "आता कुठं निघालीस?"

श्यामलानं तोवर कुठं जाते म्हणून सांगितलं नव्हतं. पण ती दारातल्या छत्रीकडे बघत होती, हे तिला आत्ता कळलं.

"कसबा बावड्याला. अर्धा गड्डा त्यांचा आहे. मी येईन म्हटलं होतं." तिनं श्वास घेतला. "तिथं मी पाणी पिणार आहे, माई. आधीच सांगून जाते."

बाहेर पन्हळीतून पाणी ठिबकत होतं. माईंनी मांडीवरच्या वाती एकेक करून तबकात ठेवल्या. मग वातींवर नजर ठेवून म्हणाल्या, "हात धू. आणि जायच्या आधी चंदन उगाळून ठेव." थोड्या वेळानं, जणू भिंतीशी, "रात्री त्यांना लागेल."

श्यामलानं हात धुतले आणि सहाणेवर चंदन उगाळलं, नेहमीपेक्षा जास्त, आणि वाटीवर तुळशीचं पान झाकलं. मग परसात येऊन तिनं डबा आडवा केला, गड्डा बाहेर काढला आणि दोन्ही अंगठे मधल्या वाळक्या भागात घालून तो फोडला. वाटलं होतं त्यापेक्षा सहज फुटला. मेलेलं सगळं तिनं झाडून टाकलं. कडेचं तेवढं उरलं, दोन चंद्रकोरींसारखं, मुळं पांढरी आणि ओली. एक भाग तिनं अप्पांच्या हातात दिला. त्यांनी तो तळहातावर तोलून पाहिला, बोटांनी मुळं मोकळी केली.

"आता हिला काय म्हणायचं?"

"बारीक पात."

"बारीक पात," अप्पा म्हणाले, आणि डब्यातली माती हातानं चाचपू लागले.

दुसरा भाग तिनं ओल्या फडक्यात गुंडाळला. तिला घर माहीत नव्हतं. नाव आणि दोन खोल्या, एवढंच माहीत होतं. त्या दारात उभ्या राहून ओळखच दाखवणार नाहीत, असंही होईल. आवळा उचलतील, डाग बघतील, ठेवतील. पुडकं छातीशी धरून तिनं चपला घातल्या, दार मागं ओढून घेतलं, आणि बावड्याची बस कुठं थांबते ते विचारायला कोपऱ्याकडे चालू लागली.